जंतूंची लागण की जीवाणूंची वस्ती?

प्रश्न असा आला आहे: ‘सिझेरियनमुळे बाळाच्या आतड्यात जंतूंची लागण वेगळ्या तऱ्हेने होते’ असं वाक्य वाचनात आलं. यात ‘जंतू’ बरोबर की ‘जीवाणू’? आणि ‘लागण’ इथे चालेल का?

‘लागण’ चालणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘जंतू’ व्याकरणाने चुकीचा नाही, पण तोही मी बदलेन.

संस्कृतात ‘जन्तु’ म्हणजे जन्माला आलेला कोणताही जीव; धातू ‘जन्’. मराठीत ‘जीवजंतू’ या जोडशब्दात तो अर्थ अजून शाबूत आहे. पण सुटा ‘जंतू’ म्हटला की आपल्याला आजारच आठवतो, कारण हा शब्द आपल्याला भेटतो तो रोगजंतू, जंतुसंसर्ग, जंतुनाशक यांच्या संगतीत. (समासात पहिलं पद ‘जंतु’ ऱ्हस्व, सुटा शब्द मात्र दीर्घ.) ‘जीवाणू’ला असा डाग लागलेला नाही. बॅक्टेरियासाठी तो पाठ्यपुस्तकांपासून रुळलेला आहे आणि विषाणू, बुरशी यांच्यापासून वेगळा ओळखू येतो. आतड्यातल्या सगळ्याच सूक्ष्मजीवांबद्दल बोलायचं असेल तर ‘सूक्ष्मजीवसृष्टी’ म्हणावं. इंग्रजीतला ‘फ्लोरा’ (मूळ अर्थ वनस्पतिसृष्टी) पाहून कुणी ‘आतड्यातील वनस्पती’ लिहितात, ते टाळावं. जीवाणूंची गणना एकेकाळी वनस्पतींत होत असे, म्हणून ते नाव पडलं. ती गणना केव्हाच मागे पडली.

आता ‘लागण’. हा शब्द दोन टोकांचे अर्थ बाळगून आहे. उसाची लागण होते तेव्हा ती हवीशी असते, तापाची लागण होते तेव्हा नकोशी. शेतातला अर्थ धरला तर तो या वाक्यात बसेलही. पण शेजारी शस्त्रक्रिया आणि नवजात बाळ असताना तो अर्थ कुणाच्या मनात येणार? नुकतीच शस्त्रक्रिया झालेली आई हे वाक्य वाचेल तेव्हा तिला एवढंच कळेल की माझ्या बाळाला काहीतरी रोग लागला. घडतं ते वेगळंच. गर्भात असताना आतड्यात जीवाणूंचा मुक्काम नसतो, असं बहुतेक संशोधक मानतात. जन्माच्या वेळी आणि नंतर ते येतात, टिकतात, वाढतात. याला मराठीत सरळ शब्द आहे: वस्ती. ‘वसाहत’ प्रयोगशाळेतल्या बशीवर दिसणाऱ्या जीवाणूंच्या एकेका ठिपक्यासाठी वापरतात, तो तिथेच राहू द्यावा.

वाक्यातली खरी अडचण मात्र प्रश्नात विचारलेलीच नाही. ती आहे ‘सिझेरियनमुळे’मधल्या ‘मुळे’त.

योनिमार्गे जन्मणाऱ्या बाळाला वाटेत आईच्या योनीतले आणि विष्ठेतले जीवाणू मिळतात. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मारिया ग्लोरिया डोमिंग्वेझ-बेलो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं, की सिझेरियनच्या बाळांवर जन्मताच सापडणारे जीवाणू त्वचेवरच्या जीवाणूंशी जुळतात. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ५९६ बाळांच्या शौचाचे नमुने तपासले गेले. सिझेरियनच्या बाळांत बॅक्टेरॉइड्स हे आईच्या आतड्यातून येणारे जीवाणू फार कमी होते आणि रुग्णालयात आढळणारे एंटेरोकॉकस, क्लेबसिएला जास्त. एवढं वाचून ‘मुळे’ लिहावंसं वाटतं. पण सिझेरियनसोबत बाकीच्याही गोष्टी येतात: छेद घेण्याआधी आईला दिलेली प्रतिजैविकं, स्तनपान सुरू व्हायला होणारा उशीर, रुग्णालयातला लांबलेला मुक्काम. कुणाचा वाटा किती, हे एका ‘मुळे’ने ठरवून टाकता येत नाही. दमा आणि स्थूलता यांच्याबाबत तर आणखी जपून लिहावं. सिझेरियनने जन्मलेल्या मुलांत त्यांचं प्रमाण काहीसं जास्त आढळलं आहे, पण आतड्यातल्या या फरकानेच ते वाढतं असं सिद्ध झालेलं नाही. अशा वेळी ‘सिझेरियनने जन्मलेल्या बाळांत’ म्हणावं. त्यात निरीक्षण येतं, आरोप येत नाही.

याच कारणाने ‘या बाळांत चांगले जीवाणू नसतात’ हे वाक्यही मला खटकतं. ‘नसतात’ हे खरं नाही. आईच्या दुधात काही गुंतागुंतीच्या शर्करा असतात, ज्या बाळाला स्वतःला पचवता येत नाहीत. त्या खाऊन वाढतात बायफिडोबॅक्टेरिया, म्हणजे ‘चांगल्या’त गणले जाणारे जीवाणू. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या हेन्री टिसिए यांनी १८९९ मध्ये अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शौचातच ते शोधले होते. म्हणजे जन्माची वाट कोणतीही असो, दुधाचा मार्ग खुला राहतो. २०१९ च्या त्याच अभ्यासात सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास दोन्ही गटांतला बराचसा फरक मिटलेला दिसला. बॅक्टेरॉइड्स तेवढे मागे राहिले होते. तेव्हा ‘कमी असतात’, ‘उशिरा येतात’, ‘प्रमाण वेगळं असतं’ ही क्रियापदं वापरावीत.

जाता जाता, योनिमार्गे होणाऱ्या प्रसूतीला ‘नैसर्गिक’ म्हणण्याची सवयही अशा लेखनात सोडावी. तिच्या शेजारी सिझेरियन आपोआप ‘अनैसर्गिक’ ठरतं, आणि अनेकदा तर बाळ-बाळंतिणीचा जीव त्यानेच वाचलेला असतो.

मी ते वाक्य असं लिहीन: ‘सिझेरियनने जन्मलेल्या बाळाच्या आतड्यात जीवाणूंची वस्ती सुरुवातीला वेगळ्या तऱ्हेने होते.’ यातला ‘सुरुवातीला’ संपादकांनी जागा वाचवण्यासाठी गाळू नये.