१९७४ ची स्ट्रॅट, ३ लाख ४० हजार आणि ‘सगळं ओरिजिनल’

पुण्याच्या एका वाचकाचं पत्र आलंय, आधी ते थोडक्यात सांगते. नोकरी आयटीत, शनिवार-रविवार बँडमध्ये गिटार वाजवतात. यंदा मार्चमध्ये मुंबईत जुन्या गिटारी विकणाऱ्या एका दुकानदाराकडून त्यांनी फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार (लोक तिला स्ट्रॅट म्हणतात) घेतली, ३ लाख ४० हजारांना. ४० हजार यूपीआयने, बाकीचे बँकेतून, बिल मात्र दिलं नाही. व्हॉट्सॲपवर दुकानदाराने लिहिलंय, “सेवंटी फोर, सगळं ओरिजिनल, एकदाही रिफिनिश नाही.” (रिफिनिश म्हणजे नव्याने रंग मारणं.) मे महिन्यात सेटअपला दिली तेव्हा रिपेअरवाल्याने पिकगार्ड, म्हणजे बॉडीवरचं पातळ झाकण, उघडून दाखवलं की बॉडीवर नंतर मारलेला रंग आहे, खाली जुन्या सनबर्स्टचे (मध्ये उजळ, कडेला गडद रंगाचे) अवशेष दिसतायत, तीनपैकी दोन पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग) नंतरचे आहेत आणि पॉटवर (आवाज-टोन कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालचा भाग) नंबर आहे १३७ ७८२४. दुकानदार म्हणतो, व्हिंटेज मालाला रिटर्न नसतो, तुम्ही दोन तास वाजवून घेतलीत. वाचक विचारतात, मी फसलो की नुसती महाग पडली, पैसे परत मिळतील का, पोलिसात जाऊ का, आणि दुकानाचं नाव इन्स्टावर टाकू का.

तुमच्या पत्रात ‘मला दीड लाखाने महाग लावली’ हे वाक्य चार वेळा आलंय आणि ते आधी डोक्यातून काढा असं मी सांगणार आहे, कारण त्या वाक्यावर तुम्ही कोर्टात गेलात तर हराल. भारतीय करार कायदा १८७२, कलम २५, त्यातलं दुसरं स्पष्टीकरण, तिथे सरळ म्हटलंय की मोबदला कमी-जास्त आहे एवढ्यावरून करार रद्द होत नाही. म्हणजे दोन लाखांची वस्तू कुणी चार लाखांना विकली आणि घेणाऱ्याने राजीखुशीने घेतली तर कायदा मध्ये पडत नाही. जुन्या गिटारीला एमआरपी नसते. पण वस्तू जी म्हणून विकली ती ती नसेलच तर गोष्ट वेगळी, आणि तुमची केस तिथे आहे. किंमत खोटी नव्हती, वर्णन खोटं होतं. नोटीस, तक्रार, जे काय लिहाल ते ह्याच क्रमाने लिहा, आधी वर्णन आणि मग किंमत.

आता वर्णनातले कुठले शब्द दुकानदाराला बांधतात ते बघू. “काय टोन आहे साहेब”, “मोजो आहे हिच्यात”, “अशी परत मिळणार नाही” ही विक्रेत्याची बडबड, तिच्यावर कुणाला पकडता येत नाही. “१९७४”, “सगळं ओरिजिनल”, “एकदाही रिफिनिश नाही” ही मात्र तपासून खरी-खोटी ठरवता येतील अशी विधानं आहेत. मालविक्री कायदा १९३० चं कलम १५ म्हणतं की वर्णनावरून माल विकला तर माल वर्णनाप्रमाणेच असला पाहिजे. तुम्ही समोर बसून वाजवलीत म्हणून हे कलम संपत नाही, कारण पिकगार्डखालचा रंग आणि पॉटचा नंबर वाजवून कळत नाही, त्यासाठी तुम्ही त्याच्या शब्दावरच विसंबला होतात.

त्या नंबरबद्दल थोडं सविस्तर सांगते, घरात वाजवणारे असल्यामुळे हे मला कळतं आणि तुमच्या केसचा कणा तोच आहे. १३७ म्हणजे सीटीएस कंपनीचा पॉट, ७८ म्हणजे साल, २४ म्हणजे त्या सालचा चोविसावा आठवडा. म्हणजे हा पॉट १९७८ च्या मध्याच्या आधी अस्तित्वातच नव्हता. आता दुकानदाराचा वकील काय म्हणेल, की पॉट कुणीतरी नंतर बदलला असेल, गिटार चौऱ्याहत्तरचीच आहे. चालेल, पण मग ‘सगळं ओरिजिनल’ खोटं ठरतं. आणि पॉट ओरिजिनल आहे म्हणाला तर ‘१९७४’ खोटं ठरतं. दोन्ही बाजूंनी तो अडकतो, आणि असा पुरावा फार कमी केसमध्ये मिळतो, म्हणून त्या पॉटला सोल्डरिंग आयर्न लागू देऊ नका. तीन स्क्रूंनी बसवलेली नेक (गिटारीची मान) आणि हेडस्टॉकवरचं, म्हणजे मानेच्या टोकावरचं, बुलेट ट्रस रॉड (मान सरळ ठेवणाऱ्या सळईचं गोळीसारखं टोक) दाखवून तो म्हणेल बघा सत्तरच्या दशकातलीच आहे, तर ते साधारण १९७१ ते १९८१ पर्यंतच्या स्ट्रॅटवर असायचंच, त्यातून नेमकं साल सिद्ध होत नाही. नेकप्लेटवरचा (मान जोडलेल्या जागेमागची धातूची पट्टी) सिरीयल नंबर पण एकटा कामाचा नाही, प्लेट काढून दुसऱ्या गिटारीला लावायला पाच मिनिटं पुरतात.

मित्राने तुम्हाला जुना स्क्रीनशॉट पाठवलाय, त्यात हीच गिटार, बॉडीवर तीच खोक, आणि खाली लिहिलंय ‘रिफिन, पिकअप्स चेंज्ड’. ही जाहिरात नेमकी कुणाची ते मला पत्रातून कळलं नाही आणि सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडणार आहे. ती ह्याच दुकानदाराची असेल तर त्याला माहीत असून तो खोटं बोलला, करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ही फसवणूक. आधीच्या मालकाची असेल आणि दुकानदाराने खरंच न तपासता पुढे विकली असेल तर ते कलम १८ चं चुकीचं निवेदन होतं. दोन्हीत कलम १९ खाली करार रद्द करून पैसे परत मागता येतात, पण नुसत्या चुकीच्या निवेदनात समोरचा म्हणू शकतो की साधी काळजी घेतली असती तर तुम्हाला कळलं असतं, तेव्हाच स्क्रू उघडून का नाही पाहिलं. उघड खोटं बोलणाऱ्याला ही पळवाट नाही. म्हणून तो स्क्रीनशॉट कुठून आला, कुणाच्या अकाउंटवरून, कधीचा, हे मित्राकडून लेखी घ्या.

रद्द करायचा तर वस्तू होती तशी परत द्यावी लागते, हे कलम ६४ मध्ये आहे. स्ट्रिंग बदलल्या, सेटअप केला, त्याने काही बिघडत नाही, पण तुम्ही लिहिलंय की तोवर चांगले पिकअप टाकून घेतो म्हणून, तर ते अजिबात करू नका. आणि वेळ घालवू नका. मालविक्री कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे वाजवी वेळात नकार कळवला नाही तर माल स्वीकारला असं धरतात, आणि एकदा स्वीकारला की कलम १३ प्रमाणे माल परत करायचा हक्क जाऊन फक्त नुकसानभरपाई उरते. तुम्हाला मे मध्ये कळलं, फोनवर भांडण झालं, पण लेखी काहीच नाही. आज रात्री व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हीवर दोन ओळी टाका की गिटार वर्णनाप्रमाणे नाही, मी ती नाकारतोय, पैसे परत करा, गिटार तयार आहे घेऊन जा. वकिलाची नोटीस नंतर स्पीड पोस्टाने जाऊ दे.

आता किंमतीकडे येते, कारण पूर्ण पैसे परत नाही मिळाले तर भरपाईचा आकडा काढावा लागेल आणि तिथे लोक हमखास गडबडतात. मालविक्री कायद्याचं कलम ५९ बघा. हिशोब असा नसतो की मी ३ लाख ४० हजार दिले, वस्तू दीड लाखाची निघाली, द्या १ लाख ९० हजार. हिशोब असा की वर्णनाप्रमाणे असती तर तिची किंमत काय असती आणि आहे तशी तिची किंमत काय आहे, ह्या दोन किंमतींमधला फरक, तोही ताब्यात घेतली त्या दिवसाचा. समजा खरोखरची सगळी ओरिजिनल चौऱ्याहत्तरची तेव्हा ३ लाखांना मिळत होती आणि तुमची दीड लाखाची आहे, तर भरपाई दीड लाख, वरचे ४० हजार तुम्ही घासाघीस न करता दिलेत, ते कायदा परत आणून देणार नाही. (हे आकडे नुसते समजावण्यासाठी आहेत, तुमचे आकडे तुम्हाला काढावे लागतील.)

ते कसे काढायचे? जाहिरातीतले भाव घेऊ नका, कुणीही काहीही मागतो. विकल्या गेलेल्या गिटारींचे भाव घ्या. रिव्हर्ब ह्या वाद्यं विकणाऱ्या वेबसाइटवर झालेल्या विक्रीच्या भावांवरून प्राइस गाइड बनवलंय, आणि व्हिंटेज गिटार नावाचं अमेरिकन मासिक दरवर्षी भावांचं पुस्तक काढतं. त्यात तेच मॉडेल, तेच साल, तीच अवस्था शोधायची. आणि साल नीट बघा, कारण त्याच दशकातल्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्ट्रॅट एका भावाच्या नसतात, उशिराच्या साधारण स्वस्तच जातात, तर १९७८ ची असेल तर तिथूनच भाव खाली येतो. मग रिफिनिश. बाजारातला जुना ठोकताळा असा की रंग नंतरचा असेल तर किंमत जवळपास निम्मी, वाजायला गिटार कितीही छान असली तरी, कारण व्हिंटेज घेणारा त्या मूळ रंगाचे आणि मूळ पार्टचे पैसे देत असतो. त्यातून बदललेले पिकअप आणि पॉट वेगळे वजा. फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बदलल्याने मात्र फारसा फरक पडत नाही, तो मुद्दा मांडूच नका, उगाच केस पातळ होते. डॉलरचे रुपये करून तिथेच थांबलात तर समोरचा म्हणेल की इथे आणायला भाडं, कस्टम ड्युटी, आयजीएसटी लागतो, आणि त्याचं बरोबर असेल, म्हणून ते दोन्ही आकड्यांत धरा. प्रिंट काढताना तारीख दिसली पाहिजे आणि शक्य तेवढ्या मार्चच्या आसपासच्या विक्री घ्या.

तुमच्या रिपेअरवाल्याकडून फोटोसकट लेखी रिपोर्ट घ्या, त्याने काय उघडलं, काय दिसलं, कशावरून म्हणतो. अल्ट्राव्हायोलेट लाइटखाली नवा-जुना रंग वेगळा दिसतो, तो फोटो काढता आला तर उत्तम. पुढे प्रतिज्ञापत्र लागेल हे त्याला आत्ताच सांगून ठेवा, बरेच जण रिपोर्ट देतात आणि कोर्टाचं नाव काढलं की मागे सरतात. व्हॉट्सॲपचा चॅट एक्सपोर्ट करा पण फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका, भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडायचं असतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

दाद मागायची कुठे? ग्राहक आयोगात, दिवाणी कोर्टात नको. समोरचा धंदा करणारा दुकानदार आहे म्हणून हे जमतं, एखाद्या गिटारवाल्याने आपली स्वतःची गिटार विकली असती तर तुम्हाला दिवाणी दाव्यालाच जावं लागलं असतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, म्हणजे पुणे जिल्हा आयोगात, मुंबईच्या फेऱ्या नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील नेमलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षं. मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि ह्या कायद्यात बिल न देणं हीसुद्धा तीच, तर बिल नाही म्हणून तुम्ही घाबरलायत ते उलटं आहे, घाबरायचं त्याने. पैसे दिल्याचा पुरावा बँकेकडे आहे. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे ठरवा. पत्रात तुम्ही एकदा लिहिलंय ‘इन्व्हेस्टमेंट पण होईल’. वाजवायला घेतली असेल तर तुम्ही ग्राहक आहात, नफ्याने पुढे विकायला घेतली असेल तर नाही. तुम्ही बँडमध्ये वाजवता हे खरं आहे, ते सांगा, आणि ‘पुढे वाढलेली किंमत बुडाली’ असलं काही मागू नका.

पोलिसांबद्दल. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, जुनं ४२०. पण तिथे सुरुवातीपासून फसवायचा हेतू दाखवावा लागतो आणि तुमच्याकडे तो एका स्क्रीनशॉटवर लटकतोय, तो दुकानदाराचाच निघाला तर परत लिहा, तेव्हा बघू. आत्ता गेलात तर बहुतेक ‘हे दिवाणी आहे’ म्हणून परत पाठवतील आणि त्यात महिने जातील. इन्स्टावर नाव टाकू नका. तुमचं खरं असलं तरी ‘चोर’, ‘फ्रॉड’ असे शब्द गेले की तो बदनामीची नोटीस काढतो आणि मग तडजोडीच्या टेबलावर त्याच्या हातातही काहीतरी येतं.

शेवटी तुम्ही विचारलंय की ठाण्यात एक जपानी इबानेझ ‘लॉसूट एरा’ (खटल्याच्या काळातली) म्हणून मिळतेय, घेऊ का. १९७७ मध्ये गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिनने इबानेझच्या अमेरिकेतल्या एल्गर कंपनीवर फिलाडेल्फियात दावा केला, मुख्य भांडण हेडस्टॉकच्या आकाराचं होतं, आणि ते कोर्टाबाहेर मिटलं. बस इतकंच. ह्या शब्दाने गिटारीचा दर्जा ठरत नाही, सत्तरच्या दशकातल्या कुठल्याही जपानी कॉपीला तो चिकटवतात आणि भाव चढवतात. गिटार आवडली तर घ्या, पण त्या शब्दाचे पैसे देऊ नका, आणि विकणाऱ्याकडून मॉडेल, साल, काय बदललंय, रंग मूळचा आहे का, हे चार मुद्दे मेसेजवर लिहून घ्या, ‘चुकीचं निघालं तर १५ दिवसांत परत घेईन’ ही ओळ त्याच मेसेजमध्ये. पैसे देण्याआधी तुमच्या माणसासमोर पिकगार्ड उघडू दे. नाही म्हणाला तर निघून या.

मुंबईच्या दुकानदाराला नोटीस गेली की माझ्या अंदाजाने तो फोन करून म्हणेल ५० हजार घ्या आणि विषय संपवा. फोनवर हो म्हणू नका. नोटिसीत पूर्ण पैसे परत ही पहिली मागणी आणि ते न जमल्यास भरपाई ही दुसरी, अशा दोन्ही असू द्या, आणि तडजोड झालीच तर ती लेखी, दोघांच्या सह्यांची. गिटार परत द्यायचं ठरलं तर पैसे आधी खात्यात जमा झालेले दिसू देत, आणि देताना सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढून मगच गिटार त्याच्या हातात द्या.