मुलीने परिपाठात स्तोत्र म्हटलं नाही तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा: कोरेगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत चौथीतल्या मुलीला रोज परिपाठात हात जोडून गणपती स्तोत्र म्हणावं लागतं, घरच्यांना ते नको आहे, तर काय करावं?

नाही म्हटलं तरी चालेल. राज्यघटनेचं कलम 28 त्यासाठीच आहे, फक्त अर्जात योग्य उपकलम घाला. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं 28(1) सांगतं. पण त्यात उपासनेचा उल्लेख नाही. प्रार्थना हे धार्मिक शिक्षण ठरतं का, हा वाद केंद्रीय विद्यालयांच्या प्रार्थनेवरून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2019 मध्ये दोन न्यायमूर्तींनी तो मोठ्या घटनापीठापुढे जावा असं म्हटलं. त्यामुळे ‘स्तोत्रच बंद करा’ असा अर्ज देऊन त्यात अडकू नका. 28(3) धरा. शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीशिवाय उपासनेला बसवता येत नाही. आणि ही संमती पालकाने प्रत्यक्ष दिलेली असावी लागते. तुम्ही आजवर गप्प होतात म्हणून ती दिली असं होत नाही. प्रवेश अर्जावर तशी एखादी ओळ होती का, तेवढं मात्र पाहून घ्या.

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे, चार ओळींचा पुरे. मुलीचं नाव, इयत्ता, संमती नसल्याचं वाक्य. पुढे आवर्जून लिहा: ‘त्या वेळी ती रांगेत हात खाली ठेवून शांत उभी राहील, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि उद्देशिका सर्वांबरोबर म्हणेल.’ हे नसलं की गावात ‘राष्ट्रगीतालाही विरोध’ अशी आवई उठते. दोन प्रती काढा आणि एकीवर तारखेसह पोच घ्या. नुसतं तोंडी सांगितलेलं शिक्षकांची बदली झाली की संपतं. दाद लागली नाही तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालकच असतात, तरी सुरुवात तिथून करू नका. बैठकीत विषय निघाला की मुलीचं नाव घरोघर होतं.

पाठ्यपुस्तकातल्या तुकोबांच्या अभंगांना हरकत घेऊ नका. धर्मांविषयी शिकवणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये स्पष्ट केलंय.

मुलीला परिपाठाच्या वेळी एकटीला व्हरांड्यात बसवलं किंवा वर्गात टोमणे मारले, तर तारीख टाकून लगेच लेखी कळवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मुलांच्या मानसिक छळाला मनाई केली आहे, आणि ही तक्रार स्तोत्राच्या अर्जापेक्षा वेगळी द्यायची.