शंभरीतली माणसं सांभाळायला जपानला निघालेल्या नाशिकच्या मुलीला

तू लिहिलंस की नाशिकरोडला राहतेस, जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालंय, दोन वर्षं वॉर्डात काम केलंयस आणि आता जपानला वृद्धसेवेच्या कामावर जायचं घाटतंय. घरी आई एकसष्टची, प्रेसमधून निवृत्त झालेले वडील अडुसष्टचे, आजी अठ्ठ्याऐंशीची. आजी रोज सकाळी म्हणते, "देवा, आता उचल." तुझे प्रश्न दोन होते. जाऊ का? आणि इतकं जगणं खरंच चांगलं असतं का? पहिल्याला भरपूर जणांनी उत्तरं दिली आहेत. दुसऱ्याला कुणी हात लावला नाही, आणि मला मात्र तोच झोपू देईना. मी जपानच्या नागानो प्रांतात हेच काम करते, माहेर पंचवटीत.

व्हिसाचा प्रकार, जपानी भाषेची एन-४ परीक्षा, कौशल्य परीक्षा हे सगळं अधिकृत पानांवर नीट दिलेलं आहे, ते उगाळत नाही. तिथे ठळक लिहीत नाहीत ते एवढंच की तुझं जीएनएम इथे चालणार नाही. इंजेक्शन, सलाइन यांना हात लावायचा नाही. नळीतून अन्न देणं आणि कफ ओढणं हेसुद्धा वेगळं प्रशिक्षण घेतल्यावरच. तू येणार ती काइगो म्हणून, म्हणजे खाणं, अंघोळ, संडास, उठणं, झोपणं. याचं मनाला लागणार असेल तर आत्ताच थांब.

आता दुसरा प्रश्न. १९६३ साली जपान सरकारने शंभरी ओलांडलेल्यांची मोजणी सुरू केली तेव्हा ते १५३ भरले. सप्टेंबर २०२५ मध्ये ९९,७६३, त्यात साधारण ८८ टक्के बायका. शंभरी गाठणाऱ्याला सरकारकडून चांदीचा पेला मिळायचा. माणसं इतकी वाढली की २०१६ पासून तो चांदीचा मुलामा दिलेला करावा लागला. पण तुझ्या कामाचा आकडा दुसराच आहे. २०२२ च्या हिशोबात पुरुषांचं सरासरी आयुर्मान ८१.०५ आणि निरोगी आयुर्मान ७२.५७. बायकांचं ८७.०९ आणि ७५.४५. म्हणजे पुरुषांना सुमारे साडेआठ आणि बायकांना साडेअकरा वर्षांहून अधिक काळ रोजच्या व्यवहारात तब्येतीची या ना त्या रूपात अडचण सोसत काढावा लागतो. तुझी नोकरी म्हणजे ही वर्षं.

आपल्याकडे "शतायुषी हो" म्हणताना ही वर्षं कुणी मोजत नाही. एक्क्याऐंशीला सहस्रचंद्रदर्शन करतो, ओवाळतो, पेढे वाटतो. दुसऱ्या दिवशी त्यांना बाथरूमला कोण नेणार हे घरातल्या एका बाईने न बोलता ठरवलेलं असतं. जपानने निदान हे उघड मांडलं. २००० सालच्या एप्रिलपासून काइगो विमा आहे, चाळिशीपासून प्रत्येकाला हप्ता. मदत हवी असली की तपासनीस घरी येतो, ७४ बाबी विचारतो (कूस बदलता येते का, घास गिळता येतो का, आज ऋतू कोणता ते सांगता येतं का) आणि त्यावरून पायरी ठरते. सौम्य दोन, पुढच्या पाच. खर्चातला दहा टक्के वाटा स्वतःचा, उत्पन्न जास्त असेल तर वीस किंवा तीस. तोकुयो नावाची जी सरकारी साहाय्याची वृद्धगृहं आहेत त्यांत २०१५ पासून साधारणपणे या पुढच्या पाचांपैकी तिसऱ्या किंवा त्यावरच्या पायरीच्यांनाच घेतात. तुझी नेमणूक बहुधा अशाच ठिकाणी होईल, आणि रात्रपाळीला दोन विभाग मिळून वीसेक माणसांमागे तू एकटी असशील.

यातलं सगळ्यात जपून करायचं काम म्हणजे भरवणं. ते नीट सांगते, कारण आजीसाठी आजच उपयोगी पडेल. म्हाताऱ्या माणसाला उभ्याने भरवू नकोस. वरून घास आला की मान वर जाते, आणि मान वर गेली की श्वासनलिकेची वाट मोकळी होते. त्यांच्या समोर, त्यांच्याच उंचीवर बस. पाठ सरळ, पाय जमिनीला टेकलेले, हनुवटी किंचित खाली. चहाचा चमचा, तोही पाऊणच भरलेला, आणि खालच्या बाजूने न्यायचा. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली की गिळलं, मगच पुढचा घास. पातळ पदार्थच जास्त घातकी, कारण पाणी आणि चहा घसरून चुकीच्या नळीत जातात. इथे त्यात तोरोमी नावाची पूड घालून घट्टपणा आणतात. आपल्याकडे पेज किंवा घट्ट कढण चालतं, पण तांब्याने वरून पाण्याची धार सोडण्याची सवय मोडच. चिवडा, चुरमुरे, कोरडे पोहे बंद. (इथे हे काम मोची करते. दर नववर्षाला तो चिकट तांदळाचा लाडू घशात अडकून म्हातारी माणसं जातात.) जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही, आणि तोंड स्वच्छ करायचंच, दात नसले तरी. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. नव्वदीतलं माणूस बऱ्याचदा मोठ्या आजाराने जात नाही, या न्यूमोनियाने जातं.

बाकी गोष्टी तू शिकशील. अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दोन तासांनी बदलायची आणि टाचा गादीपासून उचललेल्या ठेवायच्या. कपडे उतरवताना चांगला हात आधी, घालताना अधू हात आधी. हे आठवड्यात हाताला बसतं.

आजीचं "उचल" मात्र आठवड्यात कळत नाही. नागानोत एक शब्द आहे, पिनपिन कोरोरी. शेवटपर्यंत टुणटुणीत राहायचं आणि एके दिवशी पटकन कोसळायचं. साकू गावात त्याचा देवच आहे, पिनकोरो जिझो, लोक तिथे हेच मागायला येतात. आपलं "अनायासेन मरणं, विना दैन्येन जीवनम्" वेगळं काय मागतं? याच प्रांतात ओबासुते नावाचा डोंगरही आहे. म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन तिथे सोडून येत, अशी दंतकथा. लांब आयुष्याची हौस आणि त्याचा धाक, दोन्ही एकाच प्रांतात राहतात.

इथली माणसं "लवकर जावं" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा पुढे एक शब्द येतो, मेइवाकु. आपला दुसऱ्याला त्रास. जगण्याचा कंटाळा त्यात कमी असतो, ओझं होण्याची लाज जास्त. म्हणून आजी "उचल" म्हणाली की "असं बोलू नये गं" म्हणून तिला गप्प करू नकोस. आधी तपास. कानात मळ साठलाय का? ऐकू येत नसलं की माणूस घरात असून घराबाहेर पडतं. कवळी हलते का? पोट किती दिवसांनी साफ होतं? मोतीबिंदू राहिलाय का? गुडघ्यामुळे रात्री झोपमोड होते का? बी-१२ कधी तपासलं होतं? आणि नैराश्य, जे आपण म्हातारपण म्हणून सोडून देतो आणि ज्यावर औषध असतं. हे सगळं सुधारूनही ती "उचल" म्हणत राहिली, तर तो तिचा विचार आहे, आणि तो नीट बसून ऐकून घ्यायचा.

नागानोच्या दीर्घायुष्याचं कौतुक तू वाचलं असशील. त्यात जादू नाही. हा प्रांत पूर्वी पक्षाघाताने गाजलेला. थंडी, खारवलेल्या भाज्या, दिवसाला तीन वाट्या मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनचं) खारट सूप. गावोगावच्या स्वयंसेवक बायकांनी घरोघरी जाऊन मीठ कमी करायला लावलं, सुपात भाज्या वाढवल्या. द्राक्षं इथेही आहेत आणि नाशिकमध्येही. लोणचं-पापड कुठल्या ताटात किती, एवढाच प्रश्न आहे.

आता कागदपत्रं, जी मला अजून बोचतात. आधी नाव. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे, पासपोर्टवर वडिलांचं नाव आपल्या नावाला चिकटलेलं, आणि इथल्या बँकेच्या फॉर्मवर तेवढ्या चौकटीच नसतात. काताकाना म्हणजे परदेशी नावं लिहायची जपानी लिपी, तिच्यातलं नावाचं एकच लेखन पहिल्या दिवशी ठरव आणि नगरपालिका, बँक, विमा, फोन सगळीकडे तेच दे. एका दीर्घ स्वरासाठी पगार परत जातो.

मग करसवलत. भारतातल्या आईवडिलांना पैसे पाठवत असशील तर त्यांना अवलंबित दाखवता येतं, पण २०२३ पासून ३० ते ६९ वयाच्या नातेवाइकांसाठी वर्षाला प्रत्येकी किमान ३,८०,००० येन पाठवल्याचा पुरावा लागतो. सत्तरीपुढच्यांना ही किमान रक्कम नाही, नुसता पाठवल्याचा पुरावा पुरतो. पैसे ज्याचे त्याच्या नावावर जायला हवेत. आईच्या खात्यावर एकत्र पाठवले तर वडिलांचे धरत नाहीत. म्हणून निघण्यापूर्वी आजीचं स्वतःचं खातं चालू आहे का बघ, आणि नातं दाखवणारे दाखले जपानी भाषांतरासह तयार ठेव. माझ्या मनातला सल इथे आहे. ज्या देशाच्या कर-कागदावर आई माझ्यावर अवलंबून आहे हे मान्य होतं, त्याच देशात तिला माझ्याजवळ राहायला व्हिसा नाही. नव्वद दिवसांची पाहुणी म्हणून येईल, तेवढंच. तुझ्या प्रकारच्या व्हिसावर पाच वर्षं नवरा-मुलंही आणता येत नाहीत. तीन वर्षं काम आणि ठरलेलं प्रशिक्षण करून काइगो फुकुशिशीची (प्रमाणित काइगो सेविकेची) राष्ट्रीय परीक्षा पास झालीस तर व्हिसा बदलतो आणि नवरा-मुलं येऊ शकतात. आईवडील तेव्हाही नाहीत.

निघण्याआधी घरात एक बैठक घे. इथे तिला "आयुष्याची सभा" म्हणतात. शेवटी काय हवं, काय नको, ते माणूस शुद्धीवर असताना विचारायचं. ते विचारलेलं नसेल तर पोटात नळी घालायची की नाही हे दवाखान्याच्या व्हरांड्यात, परदेशी फोन लावून, दहा मिनिटांत ठरतं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असं इच्छापत्र मान्य केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये सोपं केलं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, न्यायदंडाधिकारी लागत नाही. निर्णय कोण घेईल त्यांची नावं त्यात घाल, एकापेक्षा जास्त घाल, आणि त्यातलं एक तरी नाशिकमध्ये राहणारं हवं. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एक महापालिकेतल्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. आजार बरा न होणारा असेल तरच आणि दोन वैद्यकीय मंडळांच्या संमतीनेच ते अमलात येतं, त्यामुळे "आजीला मारायला निघाली" म्हणणाऱ्या काकांना हे वाक्य वाचून दाखव.

मुखत्यारपत्रावर विसंबू नकोस. देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की ते संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. बँकेत "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला" असं संयुक्त खातं आधीच करून ठेव. वडिलांचा हयातीचा दाखला दर नोव्हेंबरला फोनवर चेहरा दाखवून देता येतो. एकदा तुझ्यासमोर त्यांच्याकडूनच करून घे. ऐंशीपुढच्यांना १ ऑक्टोबरपासून मुभा असते. या दाखल्याला कटकट म्हणू नये. २०१० मध्ये इथे शंभरीपार म्हणून नोंद असलेली माणसं शोधायला गेले तेव्हा तोक्योत एकजण तीस वर्षांपूर्वीच वारलेला सापडला, घरचे पेन्शन घेत होते. मग कुटुंबनोंदी चाळल्या, तर पत्ताच माहीत नसलेले शंभरीपार २,३४,३५४ निघाले. कागदावर इतके म्हातारे होते, आणि विचारायला कुणी गेलं नव्हतं.

राहता राहिला एकटेपणा. असतो. कामात दिवस जातो, साडेतीन तासांचा फरक आहे, आपली रात्रपाळी सुरू होताना नाशिकमध्ये दुपारचा चहा होत असतो. सवय होते. याहून जास्त मी त्यावर लिहिणार नाही.

तुझ्या स्वतःच्या म्हातारपणाचं बघ. इथल्या पेन्शनला दहा वर्षांची वर्गणी लागते. भारत-जपान करार ऑक्टोबर २०१६ पासून आहे, त्यामुळे दोन्हीकडची वर्षं जोडता येतात. देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत एकरकमी परतावा मागता येतो, पण तो घेतला की ती वर्षं जोडण्यातून गेली. सगळ्या मुली परतावा घेतात, कारण हातात रक्कम दिसते. त्यातून २०.४२ टक्के कर कापतात, तो परत मिळवायला इथे कर-प्रतिनिधी नेमावा लागतो.

आता तुझा दुसरा प्रश्न, सरळ. शंभरी चांगली की वाईट हे मला वर्षांवरून सांगता येत नाही. सत्त्याण्णवच्या बाईला कोवळं ऊन अंगावर घेऊन सुखाने डोळे मिटून बसलेली बघावी, तर वाटतं हिने अजून जगावं. त्याच मजल्यावर ब्याऐंशीची एक असते, जिच्यासाठी आपण मनात हात जोडतो. दोघींत फरक बहुतेक वेळा आजाराचा नसतो. एकीला कुणी हाक मारणारं आहे, दुसरीला नाही. आणि हे काम करता करता आपल्याच माणसांची वर्षं मोजायची वाईट सवय लागते. माझ्या आईने नव्वदी गाठावी असं मला वाटतं का? तिला उठवायला माझे हात तिथे असतील तर हो. ते इथे दुसऱ्याच्या आईला उठवत असतील तर मला "हो" म्हणता येत नाही, आणि "नको" तर तोंडातून निघतच नाही. फोनवर तिचा खोकला ऐकला की घास कोणत्या बाजूने भरवला असेल हेच डोळ्यांसमोर येतं. तू जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. पगार खरा आहे, काम खरं आहे, शिकशील ते जन्मभर पुरेल.

पण जायला अजून चार-सहा महिने आहेत ना, तेवढ्यात हे कर. आजीच्या पलंगाची उंची बघ. बसल्यावर तिचे तळवे पूर्ण टेकायला हवेत, लोंबकळले तर पलंग उंच आहे, गुडघे वर आले तर बुटका. उठताना तिचे पाय गुडघ्यांच्या थोडे मागे घे आणि नमस्काराला वाकतो तसं पुढे वाकायला सांग, नाक पायाच्या बोटांपुढे गेलं की बूड आपोआप उचललं जातं. काखेत हात घालून ओढायचं नाही, खांदा निखळतो. हे आईला शिकव, मग वडिलांना शिकव, आणि ते दोघं करतायत तेव्हा तू हात मागे बांधून उभी राहा.