केमो चालू असताना चिनी मुळ्यांची भुकटी द्यावी का?

तुमच्या सासऱ्यांची सिस्प्लॅटिनची (मूत्रपिंडाला इजा करू शकणारं कर्करोगाचं औषध) केमो चालू आहे आणि दिरांनी सिंगापूरहून चिनी मुळ्यांची भुकटी आणली आहे. पत्रकात ‘कर्करोगाच्या पेशी मारते, मूत्रपिंड जपते’ असं छापलंय, म्हणून द्यावी का, असं तुम्ही विचारलंय. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय चमचाभरही देऊ नका. मी बारा वर्षं डायलिसिस विभागात तंत्रज्ञ होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पत्रकातला मजकूर खोटा असेलच असं नाही. पण प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी मिठाचं दाट पाणी ओतलं तरी मरतात. पोटात घेतलेल्या अर्कातला किती अंश रक्तात पोचतो आणि तेवढ्यात चांगल्या पेशी तगतात का, हे बशीत कळत नाही. मूत्रपिंडाचे प्रयोग बहुधा उंदरांवरचे असतात. सिस्प्लॅटिन देऊन मूत्रपिंडाला इजा करायची, मग अर्क देऊन रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की ते वाढतं) किती उतरतं ते बघायचं. यातल्या बहुतेक उंदरांना गाठ नसतेच. मग त्या अर्काने मूत्रपिंडाबरोबर गाठीलाही केमोपासून वाचवलं तर? तुमच्या घरी नेमका हाच प्रश्न आहे.

आता बेल्जियममधल्या ब्रसेल्सचं ऐका. १९९० च्या सुमारास तिथे वजन उतरवण्याच्या गोळ्यांमध्ये चिनी वनस्पती घालायला लागले. हवी होती ‘हान फांग ची’, आली ‘ग्वांग फांग ची’. नावात एवढासा फरक, पण दुसरी ॲरिस्टोलोकिया कुळातली. शंभराहून जास्त जणांची, बहुतेक बायकांची, मूत्रपिंडं खराब झाली, कित्येकींची पार निकामी. पुढे त्यांच्यातल्या ३९ जणांची निकामी मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या काढून तपासल्या, तेव्हा १८ जणांना तिथे कर्करोग निघाला. हे २००० साली प्रसिद्ध झालं. गोळ्या घेणं थांबून वर्षं लोटली होती, तरी!

या वनस्पतींतलं ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडाच्या नलिकांमधल्या पेशींत शिरतं आणि डीएनएला चिकटून बसतं. त्याने होणारे बदल इतके ठरावीक असतात की गाठीत ते ओळखू येतात. युरोपातल्या डॅन्यूब नदीच्या खोऱ्यातल्या गावांमध्ये गव्हात याच कुळातल्या तणाचं बी मिसळायचं, तिथल्या रुग्णांतही हीच खूण सापडली. तैवानने २००३ साली अशा औषधांवर बंदी घातली. आपल्याकडची ईश्वरी, म्हणजे सापसंद, याच कुळातली आहे, तेव्हा ‘आपली जडीबुटी’ म्हणून तीही देऊ नका.

चिनी औषधातून काही चांगलं निघालंच नाही, असं मी म्हणत नाही. चीनमधल्या हार्बिनचे डॉक्टर चांग तिंगतोंग यांनी सत्तरच्या दशकात सोमल, म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड, रक्ताच्या कर्करोगावर वापरून पाहिला. आज प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारावर ते नावाजलेलं औषध आहे आणि अमेरिकेने २००० साली त्याला मान्यता दिली. पण ते शुद्ध करून, मोजून, शिरेतून आणि ईसीजीवर नजर ठेवून देतात. तुमच्या डब्यात कुठली मुळी किती आहे, हे कोणी मोजलंय?

पुढच्या भेटीला भुकटीचा डबाच सोबत न्या, नुसतं नाव सांगू नका. चिनी अक्षरांचे स्पष्ट फोटो काढा. फांग ची, मू तोंग, मा दोउ लिंग किंवा शी शिन यांपैकी एखादं नाव दिसलं तर डॉक्टरांना ते आवर्जून दाखवा. सासऱ्यांनी आधीच थोडी घेतली असेल तर लपवू नका, कोणी रागावणार नाही. कधीपासून आणि किती घेतली ते लिहून न्या, आणि पुढची केमो चढवण्याआधी क्रिएटिनिन तपासून घ्या.