यंत्र वास घेत नाही, पुसून आणलेली धूळ वाचतं

तुमचे प्रश्न दोन: विमानतळावर स्फोटकं शोधायला बॅगेवरून पट्टी फिरवून यंत्रात घालतात ते यंत्र वास घेतं का, आणि हृदयरोगी असलेल्या तुमच्या वडिलांच्या बॅगेवर ते उगाच का वाजलं? या यंत्रांच्या देखभालीत माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

वास? जवळजवळ नाहीच. आरडीएक्स किंवा पीईटीएन ही स्फोटकं साध्या तापमानाला वाफ होऊन इतकी कमी उडतात की हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे त्यांचे मोजकेच रेणू सापडतील. टीएनटी हे स्फोटक त्यांच्या हजारेक पट उडतं, तरीही ते नगण्यच. पण ही द्रव्यं भलतीच चिकट. हाताळणाऱ्याच्या बोटांवरून कण बॅगेच्या मुठीवर जातात, मुठीवरून चेनच्या टोकावर, आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. यंत्राला नॅनोग्रॅमभर, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, पुरतो.

पट्टी आत गेली की दोनशे अंशांच्या आसपास तापते आणि कणांची वाफ होते. त्या वाफेला विद्युतभार देतात. जुन्या यंत्रांत यासाठी निकेल-63 हा किरणोत्सारी स्रोत असायचा, नव्यांपैकी बऱ्याच यंत्रांत तो नाही. मग हे आयन, म्हणजे विद्युतभार मिळालेले रेणू, एका नळीतून समोरून येणाऱ्या हवेच्या झोताविरुद्ध पळवले जातात. सुटसुटीत आयन आधी पोचतो, अंगापिंडाने मोठा मागे रेंगाळतो. सगळी शर्यत काही मिलिसेकंदांची. पोचायला लागलेला वेळ यादीतल्या एखाद्या स्फोटकाच्या वेळेशी जुळला, की अलार्म. नाव आयन मोबिलिटी स्पेक्ट्रोमेट्री. यंत्राला रेणूचा चेहरा दिसत नाही, फक्त वेळ दिसते. त्यामुळे त्याच वेळेला पोचणारा कुणी भलताच रेणूही पकडला जातो.

तुमच्या वडिलांचं मात्र बहुधा तसं नसावं. ते छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी घेतात का? ती नायट्रोग्लिसरिनची असेल, तर डायनामाइटमधलं द्रव्य तेच. मी त्याला खोटा अलार्म म्हणत नाही, यंत्राने बरोबर ओळखलं. माणूस निर्दोष आहे हे ठरवणं त्याचं काम नाही.

यादीत जे नाही ते यंत्राला माहीतच नाही, हा दुसरा अडसर. बरीच वर्षं सगळा भर नायट्रो गट (नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा जोडगट) असलेल्या स्फोटकांवर होता. टीएटीपी या स्फोटकात नायट्रोजनच नाही, त्यामुळे यंत्रांना नवं शिकवावं लागलं. प्लास्टिक स्फोटकांबाबत उलटी युक्ती केली. 1988 साली स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर प्लास्टिक स्फोटकाच्या बॉम्बने विमान पाडलं गेल्यानंतर 1991 मध्ये माँट्रियलला करार झाला, की कारखान्यातच त्यांत सहज उडणारं एखादं खूणद्रव्य मिसळायचं. म्हणजे जे वास देत नाही त्याला मुद्दाम वास लावायचा.

आणि खरंच हवेतला वास पकडणारी साधनं? कुत्रा, अजूनही. शिवाय टीएनटीच्या वाफेने चमक मंदावणारे पॉलिमर, ज्यांवर एमआयटीतल्या टिमोथी स्वॅगर यांनी काम केलं. (‘दुरून वास घेतो’ म्हणून इराकला विकलेला एडीई 651 हा तथाकथित स्फोटक-शोधक म्हणजे मुठीला लावलेली नुसती अँटेना होती, विकणाऱ्याला 2013 मध्ये ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली.)

पण माझ्या मते सगळा खेळ पट्टीचा. एकदा तक्रार आली, ‘यंत्र आंधळं झालंय’. जाऊन पाहिलं तर चाचणीचा नमुना यंत्र झटक्यात ओळखत होतं. ड्यूटीवरचा माणूस मात्र पट्टी बॅगेवरून मोरपीस फिरवावं तशी फिरवत होता. मी त्याच्या हातून मूठ, चेनचं टोक, कुलपाभोवतीची कड दाबून पुसून घेतली, आणि आमच्याच सरावाच्या बॅगेवर लगेच अलार्म वाजला. त्यानंतर यंत्र तापवून साफ होईपर्यंत, कोऱ्या पट्टीवर काही दिसेनासं होईपर्यंत, रांग तशीच उभी.

वडिलांना सांगा, गोळ्यांच्या डबीसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा आणि पट्टी फिरवण्याआधीच ती दाखवा. पुन्हा तपासणी होईलच, पण निदान कशामुळे वाजलं ते समोरच्याला आधीच कळेल.