गुरुत्वाकर्षण नेमकं किती किलोमीटरवर संपतं?

कुठेच संपत नाही. तुमच्या मुलाला क्लासचे सर 'वातावरण संपलं की गुरुत्वाकर्षणही संपतं' असं शिकवत असतील, तर ते साफ चूक आहे. उलट पृथ्वी ओढून धरते म्हणून हवा टिकलीय.

तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही, कारण जवळजवळ हेच वाक्य मी १९९४ साली ऐकलंय. नववीत होते. आम्ही तेव्हा ठाण्याला लोकमान्यनगरात चाळीत राहायचो, बाबा वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला मी 'अंतर वाढलं की ओढ कशी घटते' हा विषय घेतला. ओढ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून उजेड घ्यायचं ठरवलं. एका ठिकाणाहून चहूकडे पसरणारा उजेडही त्याच हिशेबाने विरळ होतो. बाबांनी भंगारातली ॲल्युमिनियमची पट्टी आणून तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा कोरल्या. एका टोकाला टॉर्चचा उघडा बल्ब. १० सेंटिमीटरवर पुठ्ठा, त्यात ब्लेडने कापलेली १ सेंटिमीटरची चौकोनी खिडकी. मागे ग्राफ पेपर. पेपर २० वर धरला की उजेड ४ चौकोन भरायचा, ३० वर ९. उजेड तेवढाच, पण ९ घरांत वाटलेला. बाबा सातवी शिकलेले. त्यांनी बोटाने चौकोन मोजले आणि म्हणाले, "म्हणजे ४० ला १६."

परीक्षकांनी पट्टीकडे बघितलंच नाही. तक्त्यावर मी लिहिलं होतं, 'पृथ्वीची ओढ चंद्रापर्यंत पोहोचते'. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं. राकेश शर्मा तरंगत होते ना?" मला उत्तर सुचलं नाही. ओळ खोडायला लावली. काळ्या स्केचपेनने मीच खोडली. घरी काका, घरातले एकटे पदवीधर, म्हणाले, "सर सांगतात तेच बरोबर." दहावीनंतर त्यांच्याच शब्दावर मला कॉमर्सला घातलं, 'हिला सायन्स झेपायचं नाही' म्हणून. बाबा काही बोलले नाहीत. आज मी एका कंपनीत अकाउंट्सला आहे, सगळं नीट चाललंय. पण ती ओळ बरोबर होती.

चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर आहे, पृथ्वीच्या त्रिज्येच्या साधारण ६० पट. पट्टीवर दुप्पट अंतराला ४, तिप्पटला ९, तसंच ६० पटीला ६० चा वर्ग ३६००, म्हणून पृथ्वीची ओढ तिथे ३६०० पट कमी. इथे हातातून सुटलेला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो. चंद्र एका सेकंदात आपल्या सरळ वाटेपासून जेमतेम १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे वळतो. ४.९ मीटरला ३६०० ने भागून बघा. चंद्र आणि झाडावरून पडणारं फळ एकाच नियमाने चालतात, हा ताळा न्यूटनने असाच घातला होता. ओढ शून्य असती तर चंद्र केव्हाच निघून गेला असता.

आणि तरंगण्याचं म्हणाल, तर २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला ज्या अंतराळ स्थानकावर गेले ते साधारण ४०० किलोमीटर उंच आहे. ठाण्याहून सोलापूर असेल तेवढंच. तेवढा उंच मनोरा बांधून वर वजनकाटा ठेवला, तर इथल्या ६० किलोच्या माणसाला तो ५३ दाखवेल. शून्य नव्हे. स्थानक ताशी जवळपास २८,००० किलोमीटर वेगाने आडवं पळतंय आणि पळता पळता पडतंय. माणूस, पेन, पाण्याचा थेंब सगळं त्याच्याबरोबरच पडतंय, म्हणून तरंगतंय.

मुलं गडबडतात ती अंतर मोजताना. अंतर जमिनीपासून नाही, केंद्रापासून धरायचं. जमिनीवर उभे असतानाच आपण केंद्रापासून ६३७१ किलोमीटर लांब असतो. म्हणून १० किलोमीटर वर गेलं तरी ६० किलोतले जेमतेम १९० ग्रॅम कमी होतात. अंतर दुप्पट व्हायला आणखी ६३७१ किलोमीटर वर जावं लागेल, आणि तिथे ६० चे ३० नाही, १५ होतात.

इतर ग्रहांनाही हाच नियम. शनीचं वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट आहे, पण त्रिज्याही नऊ पटीहून जास्त, त्यामुळे त्याच्या ढगांच्या माथ्यावरची ओढ आपल्यापेक्षा फार वेगळी नाही.

हे सगळं ग्रहाच्या बाहेर असताना. आत खोल शिरलात तर हिशेब बदलतो, अगदी केंद्रात सगळ्या बाजूंच्या ओढी एकमेकींना खोडतात. आणि पृथ्वीपासून फार लांब गेलात तर सूर्याची ओढ वरचढ ठरते, तरी पृथ्वीची शून्य होत नाही.

मुलाला सांगा, सरांना सगळ्यांसमोर विचार, मग चंद्राला कोण धरून ठेवतं? दहावीच्या विज्ञान भाग १ चा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे, तो उघडून त्यांच्यापुढे ठेवायचा. घरातलं कुणी मोठं माणूस 'सर सांगतात तेच बरोबर' म्हणालं, तर तुम्ही त्याच्या वडिलांनी तिथल्या तिथे बोलायचं. मुलगा बोलू शकणार नाही. आणि जे लिहिलंय ते त्याला खोडू देऊ नका.

पट्टीचा प्रयोग घरी करून बघा. टॉर्चमधला चकचकीत वाटीसारखा भाग मात्र काढून टाका, तो उजेड एकाच दिशेला फेकतो आणि चौकोन ४ आणि ९ भरत नाहीत.