एलटीस्पाइसमध्ये के टाइप थर्मोकपल दाखवायला ४१ मायक्रोव्होल्टने गुणलं तर चालेल का?

एलटीस्पाइस म्हणजे सर्किटचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर, आणि थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडून केलेला तापमानाचा सेन्सर; के टाइप हा त्याचा एक प्रकार. तुमचं म्हणणं असं की तापमानाला ४१ मायक्रोव्होल्टने गुणायचं, तेवढा व्होल्टेज सोर्स टाकायचा, पुढे अ‍ॅम्प्लिफायर जोडायचा, झाला थर्मोकपल. कॉलेजच्या फाइलपुरता झाला. भट्टीवर लावणार असाल तर नाही झाला, आणि त्यात त्या ४१ चा दोष फार थोडा आहे.

आकड्याचं आधी उरकतो. तक्त्यात के टाइपला १०० अंशांवर ४.०९६ मिलिव्होल्ट आहेत, ८०० वर ३३.२७५. तुमच्या गुणाकाराने ८०० वर ३२.८ येतात, म्हणजे बाराएक अंश कमी. बी सोर्समध्ये (सूत्राने चालणारा सोर्स) टेबल फंक्शन घ्या, दर शंभर अंशांची जोडी भरा, विषय संपला. आयटीएस-९० या आंतरराष्ट्रीय तापमान-प्रमाणाचं नवव्या घातापर्यंतचं पॉलिनोमियल आणि त्याची ती एक्स्पोनेन्शियल टर्म उतरवून काढणारेही असतात. हौस असेल तर करा.

खरी गोची अशी की तुमच्या मॉडेलमध्ये थंड टोकच नाही. थर्मोकपल व्होल्टेज देतो तो गरम टोक आणि थंड टोक (जिथे त्याच्या तारा संपतात) यांच्यातल्या फरकाचा, आणि तक्ता थंड टोक शून्य अंशावर धरून केलेला असतो. सोर्सचं दुसरं टोक ग्राउंडला दिलंत, म्हणजे ते बर्फात बुडवून ठेवलंत.

या एका गोष्टीवरून मी एका डिझाइनवाल्या साहेबांशी कडाक्याचं भांडलोय, म्हणून लिहायला बसलो. चाकणजवळ एका हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये मी इन्स्ट्रुमेंट मेंटेनन्स बघायचो. नवी भट्टी बसत होती, पॅनेल लांब होतं, आणि कॉम्पेन्सेटिंग केबल (थर्मोकपलसारखाच व्होल्टेज देणाऱ्या धातूंची) महाग म्हणून परचेसने हात आखडला. साहेबांनी लॅपटॉप उघडला. त्यांच्या सिम्युलेशनमध्ये केबल म्हणजे निव्वळ एक रेझिस्टन्स. तांब्याचा रेझिस्टन्स कमी, म्हणून तांबं उलट बरंच, असा निकाल लागला. मी म्हटलं, साहेब, कंट्रोलरचा इनपुट मेगाओहममध्ये आहे, त्याला रेझिस्टन्सचं काय देणंघेणं? त्यावर उत्तर आलं, "वायर म्हणजे वायर. ग्राफ बघा."

ग्राफ छानच होता. भट्टी चालू झाली आणि ईएन ८ या स्टीलचे शाफ्ट हार्डनिंगमधून वाकून यायला लागले, काहींना तडे. आधी स्टीलवर संशय, मग क्वेंचिंगच्या तेलावर, मग रात्रपाळीच्या ऑपरेटरवर. कंट्रोलरवर मात्र बरोब्बर ८५०.

मी मल्टिमीटर घेऊन भट्टीच्या मागे गेलो. थर्मोकपलच्या हेडचं, म्हणजे जिथे केबल जोडतात त्या डबीचं, झाकण काढलं, टर्मिनलवर ३३.९ मिलिव्होल्ट. पॅनेलच्या टर्मिनलवरही ३३.९. तांब्याने वाटेत काही भर घातली नव्हती आणि काही खाल्लंही नव्हतं, इथपर्यंत साहेबांचं खरं होतं. पण पॅनेलमध्ये ३५ अंश होते, आणि हेड भट्टीला चिकटून असल्यामुळे तिथे ७०. कंट्रोलर बिचारा आपल्याजवळच्या ३५ अंशांचे १.४ मिळवत होता, बेरीज ३५.३, म्हणजे ८५०. खरं थंड टोक हेडमध्ये होतं, तिथले २.८५ मिळवले की ३६.७५, म्हणजे ८८५ च्या वर. या स्टीलला ८३० ते ८६० हवेत. शाफ्ट वाकणार नाहीत तर काय होईल!

तेव्हा तुमच्या सर्किटमध्ये जिथे जिथे दोन धातू जुळतात, तिथे तिथे तापमानाचा एक नोड काढा, एक व्होल्ट म्हणजे एक अंश धरून. भट्टी, हेड, पॅनेल असे तीन. थर्मोकपलचा सोर्स म्हणजे भट्टीच्या तापमानाचं टेबलातलं मूल्य वजा हेडचं. केबलचा सोर्स वेगळा, हेडचं वजा पॅनेलचं. शेवटी कंट्रोलर पॅनेलचं मूल्य मिळवतो. तांबं टाकून बघायचं असेल तर केबलचा सोर्स शून्य करा. केबल दोन्ही टोकांना उलटी जोडली तर काय होतं तेही बघून घ्या: तापमान चढतंच, त्यामुळे कुणाला शंका येत नाही, पण हेड आणि पॅनेलमधल्या फरकाच्या दुप्पट अंश कमी दिसतात. वायरमन हा घोळ घालतात, कारण अमेरिकन रंगात लाल वायर निगेटिव्ह असते आणि आपला माणूस लाल दिसली की प्लसला नेतो.

फरक वजा करतानाही अंशांची वजाबाकी करून मग टेबलात शिरू नका. आधी दोन्हींचे मिलिव्होल्ट काढा, मग वजाबाकी.

माझं स्पष्ट मत आहे की ज्याने भट्टीच्या हेडला कधी हात लावलेला नाही त्याला सिम्युलेशन चालवायला देऊ नये. ग्राफ खोटं बोलत नाही म्हणतात. अहो, पण जे काढलंच नाही त्याबद्दल तो बोलेल कसा? साहेबांचं म्हणणं शेवटपर्यंत हेच की मॉडेल बरोबर होतं, साइट चुकीची होती. तुमच्या गाइडने असंच काही ऐकवलं तर त्यांना वरची बेरीज दाखवा.

आता, फक्त शंभरेक अंशांपर्यंतचं प्रात्यक्षिक असेल आणि मॅक्स६६७५ सारखी थर्मोकपल वाचणारी चिप वापरणार असाल, तर थंड टोक ती चिपच सांभाळते. ४१ ने गुणा आणि मोकळे व्हा. थर्मोवेलमुळे (थर्मोकपलवरची संरक्षक नळी) येणारा उशीर दाखवायला भट्टीच्या नोडवर एक आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) पुरते. चिपऐवजी ऑपअँपचा अ‍ॅम्प्लिफायर लावणार असाल तर तो मात्र आयडियल ठेवू नका. एलएम३५८ या ऑपअँपचा ऑफसेट (इनपुटमधली त्याची स्वतःची चूक) ७ मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे थेट १७० अंश. आणि थर्मोकपल तुटल्याचं कळावं म्हणून ५ व्होल्टला १० मेगाओहम लावणार असाल, तर इथे वायरचा रेझिस्टन्स खरोखर मोजावा लागतो: अर्धा मायक्रोअँपिअर १०० ओहममधून गेला की ५० मायक्रोव्होल्ट, एका अंशाहून जास्तच.